मंडळी कशी आहे?

खुशालराव दिवसा परतवाड्याच्या जिनात कापूस मोजायचा, अन् दिवे लागले का माणसं मोजायचा. कापसाचा काटा मालकाचा होता. माणसायचा काटा यानं घरीच बनवला होता बाप्पा, अन् त्या काट्यावर हा स्वतः कधी चढला नाही.

आमची ख्रिस्ती मंडळी म्हणजे बारा-पंधरा घरं. त्यात याले 'वडील' नेमलं, म्हणजे चर्चचा पंच. पोटी लेकरू नाही, पण त्या दिवसापासून हा साऱ्यायचा बाप झाला. संध्याकाळी लोकायच्या दाराशी कान लावून उभा राहायचा. आत प्रार्थना होऊन राहिली का भांडण, हे याले पाहिजे. अन् रविवारी उपासना सुटली का अंगणात निकाल द्यायचा. उत्तमराव कोमट, काहून का तो उपदेशात पेंगला. शालू थंड, काहून का गाण्याच्या मधात तिले हसू आलं. मी तर थंडगार. मी वयानं त्याच्याहून मोठी, मले काय भेव? म्या तोंडावरच म्हटलं, "खुशाल, आत्म्याले का ताप येते, का तू साऱ्यायले हात लावून पाहतो?" तवापासून माझं नाव निघालं का हा डोळे मिटून घ्यायचा. देवापुढे मिटत असन तसे!

याची घरची मनकर्णा. तिचा सूर कधीच लागला नाही, पण गाणं साऱ्यायच्या वरून म्हणायची, अन् स्वतःच हसायची. कोणाच्या घरी दुखणं आलं का गुळाचा चहा घेऊन हजर. त्या वर्षी दिवाळीनंतर तिलेच ताप भरला. खोकला, कुशीत कळ, बसवलं त बसवेना. आमच्या वडीलसाहेबानं निदान केलं, "इच्या विश्वासात कमी हाय." अन् औषध काय, त उपास!

"अरे भैताडा," म्या म्हटलं, "तिले पेज पाज. अमरावतीच्या दवाखान्यात ने."

बैलगाडीत एवढ्या लांब तिचा जीव राहिला नसता, हे मलेही समजत होतं. पण त्या रविवारी अमरावतीचे पाद्रीसाहेब मोटर घेऊन येणार होते. वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चालत होता तवाची ही गोष्ट. आमच्याकडे मोटर दिसली का गाव लोटे. म्या ठरवलं, मनकर्णाले त्याच मोटरीत घालून न्यायचं. दुसरा रस्ताच नव्हता.

खुशालरावले हे सांगतलं त त्याचं तोंड उतरलं. "साहेबाले एक शब्द सांगू नको," म्हणे. "ते मंडळीची आत्मिक स्थिती पाहायले येऊन राहिले. वडिलाच्याच घरी दुखणं निघालं त काय म्हणतीन? याच्याच प्रार्थनेत दम नाही म्हणतीन."

आता सांगा, अशा माणसाले काय म्हणावं? बायको मरून राहिली, अन् याले आपल्या प्रार्थनेच्या दमाची पडली!

रविवारी यानं मनकर्णाले मागच्या खोलीत निजवलं अन् दार लोटून घेतलं. पण मोटर थांबली तशी मीच पुढे झाली. पाद्रीसाहेब नगरकडचे, हळू बोलणारे, भला माणूस. म्या म्हटलं, "साहेब, वडिलाची घरची लय आजारी हाय. जाताना मोटरीत न्या तिले."

"नेऊ ना," ते म्हणाले. "उपासना झाली की खुशालरावांना विचारतो."

विचारलंही त्यायनं. पण कसं विचारलं, ते ऐका. नगरकडे सभ्य माणूस दुसऱ्याच्या बायकोले 'मंडळी' म्हणतो. आमच्या इकडे 'घरची' म्हणतेत. अन् खुशालरावच्या डोक्यात मंडळी म्हणजे फक्त चर्चातली माणसं, तीही याच्या हाताखालची. ओसरीवर चहा देऊन मी दाराशीच उभी होती.

पाद्रीसाहेब हळूच म्हणाले, "खुशालराव, मंडळी कशी आहे?"

या प्रश्नाची वाट हा वर्षभर पाहून राहिला होता. छाती फुगली. "एकदम जागी हाय साहेब! मांगे जराशी कोमट झाली होती. म्या उपास धरायले लावला, आता चांगली ऊन हाय."

पाद्रीसाहेब दचकले. "उपास? अशा अवस्थेत? मी तिला अमरावतीला घेऊन जातो. तिथे नीट काळजी घेतील."

खुशालराव पांढरा पडला. याले वाटलं, साहेब आमचं चर्चच अमरावतीच्या चर्चात मिसळून राहिले! हात जोडून म्हणे, "नाही साहेब, तेवढं करू नका! मंडळी माझ्या हाताखालीच राहू द्या. तिले नेलं त माझं काय राहीन?"

पाद्रीसाहेबायले वाटलं, केवढं हे प्रेम! त्यायचे डोळे भरून आले. "बरं, तुमची इच्छा," म्हणाले.

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला! कपबशी आदळली अन् म्हटलं, "साहेब, याले काही समजलं नाही! तुमी बायकोचं विचारून राहिले, अन् हा चर्चचं सांगून राहिला. ती आत मरून राहिली!"

पाद्रीसाहेब उठलेच. "खुशालराव, तुमच्या पत्नीबद्दल विचारतोय मी."

"ते व्हय?" हा म्हणाला. "ती पडून हाय जराशी."

जराशी! अंगणात थांबलेले उत्तमराव अन् शालू आत धावले, खाटेसगट तिले उचलून आणलं अन् मोटरीत निजवलं. पाद्रीसाहेबायनं याच्यासाठीही जागा केली. त हा म्हणतो, "मी कसा येऊ साहेब? संध्याकाळी सभा हाय. मी गेलो त मंडळीले कोण पाहीन?"

मनकर्णानं डोळे उघडले. "पाहा तुमी," म्हणाली. "नीट पाहा."

तिच्यासंग मी गेली. डॉक्टरनं छातीले नळी लावून पाहिलं अन् मलेच रागावले, का आधी काहून नाही आणलं. रात्री तिनं माझा हात धरला. "बाई, पेज खाल्ली त उपास मोडते का?" असं विचारलं तिनं मले. म्या चमच्यानं पेज पाजली. चार चमचे गेले असतीन. मले त्या माणसाची इतकी घाण आली का काय सांगू. अन् तिच्यासाठी जे रडू आलं ते आजही थांबत नाही.

पुढचा रविवार तिनं पाहिला नाही. परतवाड्यालेच आणून माती दिली. पाद्रीसाहेब दौऱ्यावर होते, म्हणून प्रार्थना वडिलानंच केली. लांबलचक केली. या परीक्षेबद्दल देवाचे आभार मानले, मंडळीचा विश्वास वाढव म्हणाला, थंड पडलेल्यायले जागं कर म्हणाला. बायकोचं नावही घेतलं नाही. मंग आम्ही सारे 'आमेन' म्हणू म्हणून थांबला.

कोणीच म्हटलं नाही.

यानं एक डोळा उघडून पाहिलं. स्वतःच मोठ्यानं म्हटलं, "आमेन." पुन्हा थांबला. म्हातारे, बाया, पोट्टे, सारे त्याच्याकडे पाहत उभे होते. मंग उत्तमरावनं फावडं उचललं अन् माती लोटायले लागला.