वरच्या मजल्याचा डबा

आज दुपारी माझी मुलगी मुक्ता इंग्रजीचे शब्द पाठ करत बसली होती. हेट, डिटेस्ट, लोद, अ‍ॅबॉर. मी म्हटलं, "तिरस्काराला एवढे शब्द कशाला लागतात? एक पुरे की."

"नाही गं आई, प्रत्येक वेगळा. लोदमध्ये किळस असते. अ‍ॅबॉर म्हणजे मनाला मुळीच न पटणारं. तुझं नि मोठ्या काकूचं यातलं कुठलं?"

मी गोंधळलेच. मोठी काकू म्हणजे वरच्या मजल्यावरच्या माझ्या थोरल्या जाऊबाई. सासूबाईंच्या आजारपणात त्या मला जे बोलल्या, ते मी विसरलेले नाही. तेव्हापासून आम्ही जिन्यातसुद्धा एकमेकींकडे बघत नाही. पण चैत्रात आंब्याची डाळ केली की त्यांचा डबा खाली येतोच. किळस म्हणावी, तर ती डाळ मी डबा बोटानं पुसून खाते. राग म्हणावा, तर इतकी वर्षं टिकतो का राग? आणि रिकामा डबा परत कसा धाडायचा, म्हणून दरवेळी त्यात काहीतरी घालते. आताही तोच भरत होते.

"सांग ना, वाक्यात उपयोग करायचाय." मुक्ता पेन्सिल धरून थांबली होती.

"थांब गं जरा. लाडवांवरचे बेदाणे काढू दे आधी. त्यांना आवडत नाहीत."