दस्तगीरची तसबीर

दस्तगीर गेल्याचं मला कळलं ते त्याला दफन करून तीन दिवस उलटल्यावर. मानमोडीच्या तापाच्या साथीमुळे शाळा बंद होत्या, कोल्हापुरात घरोघरी कुणी ना कुणी अंथरुणाला खिळलेलं होतं, कोण कुणाला निरोप धाडणार... त्याच्या शेजारचे कल्हईवाले कासमचाचा मंडईत समोरासमोर भेटले आणि म्हणाले, "मास्तर, तुमी आला न्हाईसा?" मी विचारलं, "कुठं?" हातातली पिशवी खाली ठेवून ते म्हणाले, "दस्तगीरच्या मयताला. मला वाटलं, तुमास्नी ठावं असंल. चौघंच हुतो आमी. चौघांनीच नेला. तसा जड न्हवताच म्हना." एवढं बोलून ते गेले. मी मात्र तिथेच उभा राहिलो. दीड वर्ष मी त्याच्या दारात पाऊल ठेवलं नव्हतं, आणि त्याच्या जवळचा म्हणून गावात लोक माझंच नाव घेत होते.

दस्तगीर चार वर्षांचा असताना ताप येऊन त्याचे पाय वाळले. आईही त्याच तापात गेली. बाप भांड्यांना कल्हई करी, फुटलं-तुटलं डाग लावून सांधी. एकदा कुणा परगावच्या फोटोग्राफरचा मोडका कॅमेरा डाग लावायला त्यांच्या दुकानात आला आणि मालक काही तो न्यायला परत आला नाही. बापलेकांनी तो उघडला, त्याचा फाटका भाता शेळीच्या कातड्यानं शिवला, आणि तेव्हापासून दस्तगीर त्या पेटीचाच झाला. महाराजांच्या अमदानीत गावात चित्रकार, पैलवान, गवई यांची ये-जा वाढली होती. तसबीर काढून घ्यायची हौस सावकारापासून शेतकऱ्यापर्यंत पसरली होती. बापाच्या मागे त्यानं दुकानातच उत्तरेकडच्या पत्र्यात काचा बसवून घेतल्या. चाकं लावलेल्या फळीवर बसून, दोन्ही हातांतल्या लाकडी ठोकळ्यांनी जमीन रेटत तो त्या खोलीभर फिरे. फडताळं, औषधांच्या बाटल्या, धुण्याची परात, सगळं जमिनीपासून हातभर उंचीवर. आणि कॅमेराही. त्यामुळे तसबीर काढायला आलेल्यानं जाजमावर मांडी घालून बसायचं, हा तिथला कायदा. एखादा जरीचा पटका बांधलेला गृहस्थ खुर्ची मागू लागला की दस्तगीर शांतपणे म्हणे, "उभ्यानं काढायची असली तर दुसरीकडं जावा, पावणं. मला नुसती तुमची हनुवटी दिसंल." काही रागावून निघून जात. जे बसत त्यांच्या चेहऱ्यावरचा ताठा कुठेतरी उतरून जाई, आणि घरी बायकोपुढे असतो तसा माणूस कॅमेऱ्यातल्या काचेवर उतरे.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. दर रविवारी सकाळी त्याच्याकडे जायचो, ते अकरा वर्षं. रविवारी तो गिऱ्हाईक घेत नसे. तो दिवस त्याच्या खटपटींचा. कधी एकाच काचेवर माझे दोन फोटो घेऊन मला माझ्याशीच बोलायला बसवी, कधी दिव्याच्या काजळीनं काच धुरकटवून तिच्यातून उजेड घेई. एकदा बाजाराच्या दिवशी त्यानं कॅमेरा दारात मांडला, भिंगापुढे सुईच्या टोकाएवढं भोक पाडलेला पत्रा लावला आणि काच पार दुपारपर्यंत उघडी ठेवली. काच औषधात धुतली तेव्हा मी चक्रावलो. सगळा रस्ता मोकळा! बैल नाहीत, माणसं नाहीत, काही नाही. फक्त पलीकडच्या ओट्यावर मिठाच्या ढिगामागे बसलेली एक म्हातारी, स्पष्ट. "चालती माणसं काचंवर टिकत न्हाईत, मास्तर," तो म्हणाला, आणि मग हसून, "त्या ओट्यावर मी असतो तर मीबी आलो असतो की." मीही हसलो होतो...

मुरगूडच्या तानूबाई आल्या त्या अशाच एका रविवारी. बरोबर दीर आणि लग्न झालेली लेक. थोरला मुलगा हिंदुराव इंग्रजांच्या पलटणीतून समुद्रापार बसऱ्याकडे लढाईवर गेला होता. तो तिकडेच पडल्याचा कागद येऊन चार महिने झाले होते. घरी त्याची तसबीर नव्हती. बाईंनी गाठोडं सोडून त्याचा फेटा बाहेर काढला आणि म्हणाल्या, "ह्यो त्येचा फेटा हाय. आता तोंड तेवढं काढा."

मी मनात म्हटलं, आता हा त्यांची समजूत घालून परत पाठवील. दस्तगीर मात्र फळी रेटत पुढे गेला आणि तिघांचे चेहरे एकेक करून न्याहाळू लागला. "मावशी, नाक कुनाचं हुतं?"

"माझं."

"जबडा?"

बाईंनी दिराकडे बोट दाखवलं. "आनि हसताना ह्या पोरीवानी दिसायचा."

त्यानं तिघांनाही आळीपाळीनं तोच फेटा बांधायला लावला. दीर उखडला. "बायकांच्या डोस्क्याला फेटा? गावात कळलं तर तोंड दावाया जागा ऱ्हाईल व्हय?" तानूबाई त्याच्याकडे न बघताच म्हणाल्या, "माझ्या पोराचा हाय. बांधा तुमी." कॅमेऱ्याच्या मागच्या, चेहरा दिसणाऱ्या काचेवर दस्तगीरनं पेन्सिलीनं दोन डोळ्यांच्या खुणा केल्या. प्रत्येकाला मानेमागे टेकू देऊन त्याच खुणांवर आणलं आणि फोटोच्या एकाच काचेवर, एकावर एक, तिघांना थोडा थोडा उजेड दिला. त्या दिवशी त्यानं चार काचा वाया घालवल्या, पाचवी साधली. कागदावर उतरलं ते एका तरण्या गड्याचं तोंड, कडा जरा धुकट, डोळे मात्र थेट. बाईंनी तो कागद दोन्ही हातांत धरला. मग पदरात गुंडाळून घेऊन गेल्या.

त्या गेल्यावर मी भडकलो. म्हणालो, "हा माणूस जगात कधी जन्मलेलाच नाही, दस्तगीर. आईला तू खोटा मुलगा दिलास."

तो काच पुसत होता. "कुठलाच न्हवता त्येंच्याकडं. त्यापरीस..."

"त्यापेक्षा काहीच नसलेलं बरं!" आणि मग मी ते बोललो, जे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. "ज्याला स्वतःचं म्हणून एक माणूस नाही, त्याला यातलं काय कळणार?"

त्याचा हात थांबला. त्यानं काच हळूच परातीत ठेवली, फळी भिंतीकडे वळवली आणि म्हणाला, "जाताना दार वढून घ्या, मास्तर."

मी दार ओढून घेतलं. पुढच्या रविवारी जाईन, रागही निवेल, असं म्हणत पहिला महिना गेला. नंतर जायची लाज वाटू लागली. एकदा गल्लीच्या तोंडापर्यंत गेलोही होतो. तो उंबऱ्याजवळ उन्हात बसून कागद वाळवत होता. प्रत्येक कागद उचलून डोळ्यांजवळ नेई आणि पुन्हा खाली ठेवी. त्यानं मान वर केली असती तर मी पुढे गेलो असतो, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. त्यानं वर बघितलं नाही, मी मागे फिरलो.

साथ ओसरल्यावर एका शनिवारी मी रातोरात बैलगाडीनं मुरगूडला गेलो. दस्तगीर गेल्याचं कुणाला तरी सांगायला हवं होतं, आणि सांगण्यासारखं दुसरं घर मला आठवेना. तानूबाईंच्या घराच्या पुढच्या सोप्यात, दिव्याच्या देवळीच्या वर, ती तसबीर होती. खाली ताजं जास्वंदीचं फूल. मी दस्तगीरची बातमी सांगितली. बाईंनी पदर तोंडाला लावला. मग मी विचारलं, "बाई, हा तुमचा हिंदुराव नव्हे, हे..."

"ठावं हाय की, मास्तर. त्यात माझंच नाक हाय, मी काय आंधळी हाय व्हय?" त्यांनी डोळे पुसले. "पर सांजंला दिवा लावताना मान वर करून बघाया कायतरी पायजे का नगं? ते दस्तगीरांनी दिलं." मग म्हणाल्या, "त्येंचा फोटू द्या मला. हितं बाजूला लावते."

शेकडो माणसांच्या तसबिरी काढणाऱ्या दस्तगीरची स्वतःची एकही तसबीर नाही, हे मला तेव्हा, त्या सोप्यात उमगलं. तसं मी सांगितलं. बाई म्हणाल्या, "मग त्येंच्या घरचं कोन तरी फोटूला बसवा की. भाव, भन..."

"कुणी नाही," मी म्हणालो.

"तुमी चित्रं काढता न्हवं? मग काढा."

पिशवीत कागद होता, पेन्सिल होती. मी काढायला बसलो आणि हात चालेना. टोपीची कड आठवत होती, वाकलेली मान, रुंद खांदे, ठोकळ्यांनी घट्टे पडलेले पंजे. खटपटींसाठी जाजमावर बसलो तेव्हा तो कॅमेऱ्यामागे असे; एरवी अकरा वर्षं मी त्याच्याकडे स्टुलावर बसून बोलत आलो होतो, अकरा वर्षं त्याला वरून बघत आलो होतो. तानूबाई एकदाच त्याच्यासमोर जाजमावर बसल्या होत्या. त्याच सांगू लागल्या. "कपाळ एवढं मोठं न्हाय. गालावर हितं देवीचा वण. व्हट पातळ..." त्या सांगत गेल्या, मी खोडत, पुन्हा काढत गेलो. उन्हं कलली, गाडीवान दोनदा हाक मारून गेला. डोळे काही केल्या जमेनात.

मी कागद गुंडाळू लागलो तशी त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि फडताळात ठेवला. म्हणाल्या, "डोळं ऱ्हायल्यात. पुढच्या आइतवारी या."

आजवर तीन रविवार जाऊन आलो. डोळे अजून राहिलेच आहेत.