बावड्याच्या रिव्हॉल्व्हरचा दस्ता

दसरा झाला की आमच्या दुकानात मुंग्या येतात. हसू नका, खरं सांगते. बारामतीत आमचं बंदूक दुरुस्तीचं दुकान आहे, सासऱ्यांच्या वेळेपासूनचं, लायसन्सचं. आमच्यात शस्त्रपूजा नसते, पण बारामती-इंदापूरकडच्या ज्या घरांत परवान्याचं हत्यार आहे तिथं खंडेनवमीला त्याची पूजा होते. कोयता, नांगराचा फाळ, ट्रॅक्टरची चावी, आणि त्यांच्याच रांगेत पाटावर रिव्हॉल्व्हर. हळद-कुंकू, झेंडूचं फूल, इथवर ठीक. पण काही घरांत देवाला घालतात तशी त्याला पंचामृताची आंघोळ घालतात. दूध, दही, तूप, मध, साखर! वरवर पुसून घेतात, पण मुठीच्या लाकडाखाली गेलेला मध कोण पुसणार? मग काही दिवसांनी माणूस दुकानात हजर. "मिस्त्री, घोडा अडकतोय बघा." आमचे हे स्क्रू काढतात, लाकूड उचलतात, आणि आतून मुंग्यांची वरात बाहेर पडते.

मुठीच्या दोन्ही बाजूंना ज्या लाकडी पट्ट्या असतात ना, त्यांना आम्ही दस्ता म्हणतो. लग्नानंतर मी ह्यांचा डबा घेऊन दुकानात जायची. डबा संपेपर्यंत स्टुलावर बसायची. बसता बसता बघायला लागले, बघता बघता विचारायला लागले, आणि मग डबा संपला तरी उठायचं नाव काढेना. माझी हौस वेगळीच, मला हत्यार उडवण्यात गोडी नाही. मला ते किती जुनं आहे आणि त्याचं काय काय मूळचं राहिलंय हे ओळखायला आवडतं. एखाद्या म्हातारीचे दागिने बघून हे लग्नातलं, हे नंतरचं, हे सुनेनं दिलेलं, असं आपण ओळखतो की नाही, तसंच.

त्यात दस्ता सगळ्यात लबाड. एकाच कंपनीनं एका काळात काळ्या कडक रबराचा दस्ता घातला, पुढं अक्रोडाच्या लाकडाचा, त्याच्या पुढं प्लॅस्टिकचा. म्हणून लोक दस्ता बघून वय सांगायला जातात आणि फसतात, कारण लोखंडाच्या मानानं लाकूड लवकर फुटतं, फुटलं की बदलतात. खरा दाखला आत असतो. दस्ता काढला की खाली लोखंडावर नंबर दिसतो. चांगल्या कारखान्यातला माणूस तोच नंबर लाकडाच्या आतल्या अंगालाही टाकून ठेवायचा, कारण प्रत्येक दस्ता त्या त्या मुठीला घासून बसवलेला. दोन्ही नंबर जुळले की समजायचं, ही जोडी जन्मापासूनची.

गेल्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर बावड्याचे एक आबा आले. आमचं जुनं गिऱ्हाईक, ऐंशीला टेकलेले, आवाज मात्र उसाच्या फडात हाक मारावी असा. बरोबर अक्का, त्यांच्या बायको. अक्का पहिल्यांदाच दुकानात येत होत्या. डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणी झालेली, डोळ्यांत थेंब घातलेले, त्यामुळं त्यांना सगळं धुरकट दिसत होतं. मी हात धरून बाकावर बसवलं.

"भाभी, मला काय बी दिसंना बगा," अक्का म्हणाल्या. "म्हणलं घरी सोडा, तर ह्यांनी हितं आणलं. ह्यांचं लगीनच हाय त्या रिव्हॉल्व्हरशी."

"तू गप," आबा म्हणाले आणि फडक्यात गुंडाळलेलं हत्यार ह्यांच्यापुढं ठेवलं. "मिस्त्री, पुसून तर द्याच. पर आणि एक काम हाय. आमचं पुण्याचं जावईबापू मोबाईलमधी बगून म्हणत्यात, आबा, दस्ता ओरिजिनल वाटत न्हाय. आता मला सांगा, आमच्या दादांनी, माझ्या वडलांनी, मुंबईस्नं मागवलेला अस्सल विलायती दस्ता, आन् ह्यो कालचा जावई मला शिकीवतोय! तुमी तुमच्या तोंडानं एकदा अस्सल म्हणा, म्हंजी मी फोन लावतो."

"जावयाला म्हणायचं न्हाय असं," अक्का म्हणाल्या. "तुमी बी कुणाचं तरी जावईच हाय."

ह्यांनी आधी हत्यार मोकळं आहे ना, आत गोळी नाही ना, ते बघितलं. हा ह्यांचा नेम, गिऱ्हाईक शपथ घेऊन सांगत असलं तरी. मग मी पांढरं फडकं अंथरलं आणि ह्यांनी स्क्रू सोडवला. लाकूड सुटेना. जुनी हळद, तेल आणि साखर यांचा असा काही गोंद झालेला की दस्ता लोखंडाला चिकटूनच बसलेला. हलक्या हातानं हळूहळू हलवत सोडवला. खाली नंबर होता, साफ. ह्यांनी भिंग लावलं, नळीवरचे कारखान्यातल्या परीक्षेचे शिक्के बघितले, गोळ्यांच्या चक्रीवरचा नंबर मुठीच्या नंबराशी ताडून पाहिला.

"आबा, लोखंड एकदम अस्सल. सगळे नंबर एक आहेत. तुमच्या दादांच्या जन्माच्याही आधी बनलेलं आहे हे."

आबांची छाती फुगली. "ऐकलंस?"

"मला कशाला सांगता? जावयाला सांगा," अक्का म्हणाल्या.

तोवर ह्यांनी लाकडाची पट्टी उलटी केली, जरा वेळ बघितली आणि माझ्या हातात दिली. असं करतात ते. वाईट बातमी सांगायची असली की माझ्याकडं ढकलतात. मी ओल्या फडक्यानं आतली बाजू पुसली. नंबर नाही. पुसट खूणसुद्धा नाही. उलट आतल्या खोलगट भागात बारक्या पटाशीचे घाव दिसत होते, एक इकडं, एक तिकडं. कारखान्याच्या यंत्राचा घाव कसा शाळेच्या गणवेशातल्या पोरांसारखा एका रांगेत असतो. आणि लाकूड अक्रोडाचं नव्हतंच, तो होता आपला शिसव. काळसर, जड.

आमच्याकडं एका डब्यात मोडीतल्या हत्यारांचे दस्ते असतात. त्याच कंपनीची, त्याच काळातली एक मूळची जोडी मी काढली आणि शेजारी ठेवली. फरक आंधळ्यालाही कळला असता.

"आबा, राग मानू नका," मी म्हटलं. "काम सुंदर आहे, पण हे विलायती नाही. मुंबईच्या दुकानातलंही नाही. कुणीतरी आपल्याकडच्याच माणसानं हातानं केलेलं आहे."

"कसं शक्य हाय? मूळचा दस्ता फुटला हे खरं. खंडेनवमीला दादांनीच आंघोळ घातली, तुपानं बुळबुळीत झालं आणि हातातनं निसटून शहाबादी फरशीवर पडलं. दोन तुकडं. आमचं लगीन होऊन थोडंच दिवस झालतं. मग माझ्या सासऱ्यांनी एक करून दिला, पर दादांनी त्यो काढून टाकला आन् मुंबईचा बसीवला. मी तवा साखर कारखान्यावर नोकरीला, हत्यार कुलपात, सासऱ्यांनी केल्याला मी बघितलाच न्हाय. पर दादा खोटं कशाला बोलतील?"

"आन् माझ्या बापानं केलेला बंबात घातला," अक्का म्हणाल्या.

बाजरीचा भाव सांगावा तशा साध्या आवाजात म्हणाल्या त्या.

मग माझ्याकडं तोंड करून सांगायला लागल्या. त्यांचे वडील इंदापूरकडचेच, शेतकरी, पण लाकडाचा भारी नाद. औत सुटलं की पटाशी हातात. पोळपाट, लाटणी, लेकींच्या पोरांना पाळणे, सगळं घरी करायचे. दस्ता करून दिला आणि त्याच वर्षी गेले. फोटो काढलेला नव्हता. पाळणा थोरल्या बहिणीकडं गेला, लाटणं भावजयीकडं राहिलं, ते तिच्या सुनेनं कुणाला देऊन टाकलं देव जाणे. "माझ्या वाटणीला त्यो दस्ता आल्याला. ह्यांच्या दादांनी सांगितलं, बंबात घातला. आता सासऱ्याला काय म्हणायचं? त्या दिवशीचं गरम पाणी मी अंगावर घेतलं न्हाय, एवढंच."

आबा खाली बघत होते. मला वाटतं, त्यांनाही हे पाण्याचं पहिल्यांदाच कळत होतं.

तेवढ्यात आमचे हे बोलले. "एक गोष्ट मला समजत नाही. ह्या पट्टीवर वरच्या बाजूला अंगठ्यासाठी खड्डा केलाय. दुकानातला दस्ता कुणाच्या अंगठ्याचं माप घेत नाही."

"कसला खड्डा?" अक्कांनी हात पुढं केला आणि लगेच मागं घेतला. त्यांच्या घरात बायकांनी हत्याराला हात लावायचा नाही अशी रीत. आयुष्यभर त्यांनी पूजेचं ताट तयार करून उंबऱ्यापर्यंत न्यायचं आणि तिथूनच नमस्कार करायचा.

आबा म्हणाले, "घे की. लाकूडच हाय."

मी ती पट्टी त्यांच्या तळहातावर ठेवली. दिसत तर नव्हतं त्यांना. बोटांनीच बघायला लागल्या. आधी खड्डा चाचपला, मग वरच्या जाळीदार रेघांवरून बोट फिरवलं, मग कडेकडेनं. कडेला बारीक बारीक उंचवट्यांची एक ओळ होती, ती मी पाहिली होती पण काय ते कळलं नव्हतं. अक्कांचं बोट तिथं थांबलं, मागं गेलं, पुन्हा पुढं आलं.

"जोंधळ्याचं दाणं," त्या म्हणाल्या. "भाभी, कडंला जोंधळ्याचं दाणं हायत ना? आमच्या पोळपाटाला असंच हुतं. पाळण्याला बी." आणि एकदम मांडीवर थाप मारून हसायला लागल्या. "आवो, कणीक! कणकेचा गोळा! आठवतंय का?"

आबांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. ऐंशीचा माणूस लाजला.

झालं होतं असं, की दस्ता करायचा तर मुठीचं माप हवं. हत्यार पुढं जावयाच्याच हातात येणार, म्हणून अक्कांच्या वडलांनी नव्या जावयाला घरी बोलावलं, पाटावर बसवलं आणि हातात कणकेचा गोळा दिला. म्हणाले, हत्यार धरता तसा गच्च धरा. समोर चार मेहुण्या पदर तोंडात कोंबून उभ्या. नवा जावई, कडक इस्त्रीचा सदरा, आणि हातात कणीक!

"मला वाटलं चेष्टा चाललीया," आबा म्हणाले. "उठून जानार हुतो."

"बापानं त्यो गोळा सावलीत वाळवला आन् त्याच्यावरनं खड्डा कोरला," अक्का म्हणाल्या. "अंगठा लावून तर बगा."

आबांनी पट्टी घेतली, अंगठा ठेवला. म्हातारपणानं हाताची कातडी सैल पडलेली, बोटं वाकडी झालेली, पण अंगठा असा बसला की जणू तिथूनच उगवलाय. दुसरी, डब्यातली विलायती पट्टी मी त्यांच्या हातात दिली. तिच्यावर अंगठा नुसताच घसरत राहिला.

"आणि इतकी वर्षं तुम्हाला कधी वाटलं नाही, की हा आपल्याच हाताला कसा बसतो?" मी विचारलं.

"मला वाटायचं, विलायतेत समद्यास्नीच असा बसत आसंल," आबा म्हणाले. मग आमचे हेसुद्धा हसले, आणि ते फार कमी हसतात.

आबांच्या दादांनी असं का सांगितलं असेल, यावर आमची चर्चा झाली. आबा म्हणाले, दुसरं काय, ताठा. मोठमोठी माणसं वाड्यावर यायची, हत्यार बघायला मागायची. त्यांच्यापुढं व्याह्यानं पडवीत बसून कोरलेला दस्ता कसा सांगायचा? म्हणून मुंबई. मुंबई सांगितली, मग आधीचा कुठं गेला हेही सांगावं लागलं, म्हणून बंब. "पर बग," ते अक्कांना म्हणाले, "बंबात घातला म्हणाले आन् मरंस्तवर हातात धरून हिंडले. आवडल्याबिगर का?"

अक्का ती पट्टी परत घेऊन पदराच्या टोकानं पुसत राहिल्या.

आता कामाचं बोलणं होतं. आमच्या ह्यांना चुकीचा दस्ता बसवणं जिवावर येतं. ते म्हणाले, "आबा, ही डब्यातली जोडी तुमच्या हत्याराच्याच काळातली आहे. नंबर नाही जुळणार, पण जात बरोबर आहे. घासून बसवून देतो. जावईबापूंना दाखवायला होईल. आणि अक्का त्यांच्या वडलांचा दस्ता घरी घेऊन जातील, त्यांच्या कपाटात ठेवतील. दोघांचंही काम."

सल्ला शहाणपणाचा होता. मीही मान हलवली. अक्कांना वडलांचा दस्ता हवा होता हे दिसतच होतं, पट्टी घट्ट धरून बसलेल्या. आबा एकदा डब्याकडं बघत, एकदा बायकोकडं. जावयाला फोन लावायची केवढी हौस होती त्यांना, ती एका बाजूला. शेवटी अक्काच बोलल्या.

"कपाटात ठिवून काय करू? बापानं कपाटासाठी केलता व्हय? ह्यांच्या हातासाठी केलता."

"ऐकलं न्हवं मिस्त्री?" आबा म्हणाले. "तुमची विलायत डब्यात घाला. हाय त्योच बसवा. आन् हिच्या हातानं बसवा. औंदा पाटावर बी हीच ठेवणार."

मग आमच्या दुकानात कधी झालं नव्हतं ते झालं. अक्कांनी धुरकट डोळ्यांनी दोन्ही पट्ट्या मुठीला लावून धरल्या, ह्यांनी स्क्रू फिरवला. मी चहा सांगितला.

चहा येईपर्यंत इंदापूरचे एक पाटील आपलं हत्यार घेऊन आत शिरले. टेकायच्या आत आबांनी त्यांना पकडलं. "पाटील, हिकडं या. ह्यो दस्ता बगा. असा तालुक्यात दुसरा न्हाय. आमच्या सासऱ्यांनी केलाय, खास माप घिऊन!"

"माप? ते कसं घेत्यात?" पाटलांनी विचारलं.

आबा खोकायला लागले. अक्कांनी बाकावर सरकून पाटलांना जागा करून दिली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, मेहुण्यांसकट. आम्हाला न सांगितलेलंही त्यात निघालं. लाजेनं नव्या जावयानं गोळा इतका गच्च दाबला की कणीक बोटांमधून बाहेर आली, आणि सासऱ्यांना ओरडावं लागलं, "पोरींनो, आणि थोडी मळा, पाव्हण्यांचा जोर लई हाय!"