टेनिसवरचा कडता

काही प्रकरणं आठवली की निवृत्त पोलिसाचा हात आपोआप मिशीवर जातो. हे प्रकरण आठवलं की माझा हात कपाळावर जातो, आणि मग हसू येतं.

भंडारा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून चहाचा कप उचलला, तोच लाखांदूरकडच्या एसटीनं आलेली एक बाई समोर उभी राहिली. धानाच्या व्यापाऱ्याची बायको. तक्रार विचारली तर म्हणाली, "साहेब, आमच्या मालकाले सोमवारपर्यंत आत टाका."

"काहून? केलं काय त्यांनी?"

"अजून नाही केलं. रविवारी करणार हायेत."

नवरा मोबाईलवरून टेनिसवर सट्टा लावायचा. रविवारी परदेशातल्या एका मोठ्या स्पर्धेची फायनल होती आणि त्यासाठी तो गोदाम गहाण टाकायला निघाला होता. गोदाम गेलं की धंदा गेला. सट्टा घेणारा बुकी आमच्याच हद्दीत, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसतो, हेही तिनं सांगितलं.

इतकी पक्की खबर! पंच घेतले, साध्या वेशात छापा टाकला. बुकी फोनवर "तीस-चाळीस, तीस-चाळीस" म्हणत होता. हाच भाव, असं समजून मी झडप घातली. तो मेहुण्याला स्कोअर सांगत होता. टेनिसमध्ये गुण पंधरा, तीस, चाळीस असे मोजतात, हे मला एका पंचानं सांगितलं, तेही पंचनामा अर्धा लिहून झाल्यावर. झडतीत काही सापडलं नाही. जाताना बुकीनं चहा विचारला आणि मी तो घेतला, हे त्याहून वाईट.

आता व्यापाऱ्याच्या जबाबावरच भिस्त होती. त्याला बोलावलं. मागोमाग बायकोही येऊन बाकावर बसली. गडी बुकीविरुद्ध काही केल्या बोलेना.

"बुकी इमानदार माणूस हाय, साहेब. जिंकलो का दुसऱ्या दिवशी पैसे घरपोच. त्याच्याविरुद्ध कायले बोलू?"

त्याचं म्हणणं असं, की खेळाडूंचा त्याचा अभ्यास आहे आणि निम्म्याहून जास्त अंदाज बरोबर येतात. तरीही पैसा आटत चालला होता. ते तो नशिबावर ढकलत होता. मी ताडलं, सामने फिक्स होत असणार, आणि तसं बोलूनही दाखवलं. तपासाला परदेशी जावं लागेल, या विचारानं मी मनातल्या मनात बॅगसुद्धा भरली. तो माझ्याकडे कीव आल्यासारखा पाहत राहिला.

मग मी उपदेशाकडे वळलो. हा सगळा छापा-काटा आहे, हे पटवण्यासाठी डब्यातले भाजलेले फल्लीदाणे, म्हणजे शेंगदाणे, काढले, नवरा-बायकोत सारखे वाटले आणि खिशातलं नाणं घेतलं. त्याची एकच अट होती: खेळायचं तर बुकीच्या भावानं. दोन्ही खेळाडू तोडीस तोड असले की बुकी दोघांवरही नव्वद पैसे भाव देतो. म्हणजे दहा लावून हरलात तर दहाही गेले, जिंकलात तर वर नऊच मिळतात.

मी बुकी झालो. तो काट्यावर, ती छाप्यावर. हरणाऱ्याचे दहा दाणे घ्यायचे, जिंकणाऱ्याला नऊ द्यायचे. बराच वेळ नाणं उडत राहिलं. कधी हा जिंके, कधी ती. शेवटी व्यापारी थबकला.

"हिच्याजवळ कमी, माह्याजवळबी कमी. मंग जिंकून कोण राहिलं?"

बायको शांतपणे म्हणाली, "साहेब खाऊन राहिले ना मघापासून."

खरंच की. प्रत्येक डावाला एक दाणा उरत होता आणि तो सवयीनं माझ्या तोंडात जात होता.

व्यापारी उरलेले दाणे मोजू लागला. मग एकच शब्द बोलला, "कडता."

धान कोणाचंही असो, ओल आणि कचऱ्याच्या नावानं व्यापारी दर पोत्यामागे थोडं वजन कापतो, तो कडता. "जन्मभर लोकायच्या पोत्याचा कडता कापला, साहेब. माह्याच पोत्याचा कापला जाते, हे दिसलंच नाही."

पुढचा हिशेब त्यानंच केला. नव्वद पैशांच्या भावात नुसतं बरोबरीत राहायलाही शंभरात त्रेपन्न अंदाज खरे ठरावे लागतात. 'निम्म्याहून जास्त' पुरत नाही. एक खेळाडू वरचढ असला की भाव बदलतो, पण कापणं असतंच. छोट्या स्पर्धांमध्ये तर बहुधा जास्त कापतात. हे सगळं मला आधीच ठाऊक असल्यासारखी मी मान हलवत होतो.

त्यानं जबाब दिला. दुसऱ्या दिवशी पंचांसमोर बुकीला फोन करून भाव घेतला, मग खुणेच्या नोटा घेऊन दुकानात गेला. मागून आम्ही. नोटा आणि फोन जप्त झाले, जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदला. या खेपेला चहा नाकारला.

जुगार वाईट, हे मी नोकरीभर शेकडो लोकांना सांगितलं. एकानंही ऐकलं नाही, कारण प्रत्येकाला ते आधीच माहीत होतं. माणसाला त्याच्या स्वतःच्या धंद्याच्या भाषेत कळलं, की मग पोलिसाला फारसं काम उरत नाही. हे शहाणपण मला तपासातून नव्हे, भुकेतून आलं, ही गोष्ट वरिष्ठांना पाठवलेल्या अहवालात मी लिहिली नाही.

रविवारी त्या बाजूला काम निघालं म्हणून गोदामात डोकावलो. पोत्यांच्या थप्पीला टेकून नवरा-बायको फायनल पाहत होते. कोण जिंकेल, असं मी मुद्दाम विचारलं. "जिंकू द्या कोणीबी," तो म्हणाला आणि मला बसायला पोतं सरकवलं. सामना संपला, तेव्हा त्यानं हरलेल्या खेळाडूसाठी टाळ्या वाजवल्या.