आईच्या आठवणी आता घरातच राहणार

मंडळी, आज आमच्या डिलाईल रोडच्या खोलीत एक लढाई जिंकली.

रिटायर झाल्यापासून आई कॉम्प्युटरवर तिच्या आठवणी टाइप करते. प्रोग्राम मध्येच बंद पडतो आणि स्क्रीनवर येतं, 'बिघाडाचा अहवाल प्रोग्रामच्या कंपनीला पाठवला.' ते बघून तिने लिहिणंच सोडलं होतं. म्हणे, "मी सासूबद्दल लिहायचं आणि ते कंपनीतल्यांनी वाचायचं?"

मी हसायचे. आज सेटिंग उघडून बारीक अक्षरं वाचली. अहवालासोबत उघड्या फाइलमधला मजकूरही जाऊ शकतो, असं चक्क लिहिलेलं. हसू तिथेच संपलं.

अहवाल आपोआप पाठवायचं बटण मी आईलाच बंद करायला लावलं. तिने कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला, बटण बंदच आहे ना ते बघितलं आणि मग चष्मा पुसला.

"दार लाव. आणि तूपण बाहेर थांब."

चाळीत आमचं दार दिवसभर उघडं असतं, फक्त भांडणात लागतं. म्हणून गॅलरीत मला बघून शेजारच्या काकू विचारतायत, "भांडलात काय गो?"

नाही काकू, आई लिहितेय.

तुमच्या घरी ते बटण कुणी बघितलंय का?