ओल मोजणारा केस

माझा थोरला भाऊ हायस्कुलात सायन्स शिकवायचा. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी जेवताना तो जुन्या शास्त्रज्ञांच्या हिकमती सांगे. हवेतली ओल मोजायला कुणी दोरे ताणून पाहिले, कुणी आतडी. शेवटी एकाला माणसाचा केस सापडला. दमट हवेत केस लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. मला ऐकायला फार आवडे.

मी अठराची असताना नवरा गेला आणि मी माहेरी आले. त्याच उन्हाळ्यात एका गिरणीच्या मॅनेजरने दादाला बोलावून घेतलं. कोरड्या हवेने मागावरचं सूत सारखं तुटत होतं. पाणी किती फवारायचं ते कळायला ओल दाखवणारं यंत्र हवं होतं, आणि विलायतेहून यायला महिने लागणार होते. दादा म्हणाला, "मी करतो."

माझं केशवपन ठरलं, तेव्हा वाटलं, हा शिकलेला माणूस आईला अडवेल. तो परसात आला खरा. न्हाव्याला म्हणाला, "मुळापासून काप. लांब केस चुरगळू नकोस, या कागदावर ठेव."

त्याने ते सोड्याच्या पाण्यात उकळले, पितळी चौकटीत एक ताणून बसवला, त्याला काटा जोडला. ओला पंचा जवळ नेला की काटा सरके. दादाचं नाव झालं.

गिरणीतल्या धुळीने केस लवकर निकामी होत. माझ्या केसांची पुडी संपत आली तेव्हा दादा आईला म्हणाला, "हिचे केस आता राहू दे." मी रडत त्याच्या पाया पडले. दीड वर्षात ते वीतभर वाढले. शेजारणी नाही नाही ते बोलल्या. मी ऐकून घेतलं.

मग एका सकाळी दादा कात्री घेऊन आला. "पुरेत एवढे. बस खाली."

"एवढ्यासाठी वाढू दिलेस?"

"मग कशासाठी?"

मी कात्री हिसकावली, हाताला लागतील तसे केस कापले आणि चुलीत टाकले. त्याने माझ्या थोबाडीत मारली.

"वहिनीचे घे ना," मी म्हणाले.

"सवाष्णीच्या केसांना कात्री लावू?"

दुसऱ्या दिवसापासून न्हावी घरोघरच्या केशवपनाच्या केसांच्या पुड्या आणून देऊ लागला. ते केस सोड्यात उकळायचं काम माझ्याकडे आलं. एकदा पुडीत फार मऊ, पोरसवदा केस निघाले. मी ते दादाला दाखवले.

"आखूड आहेत," तो म्हणाला. "टाकून दे."