उड्डाण झाल्यावर बघू

त्या जूनमध्ये आमच्या घरात कुठलंही काम निघालं की एकच उत्तर यायचं, "उड्डाण झाल्यावर बघू." आमचे हे एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, घर रेणापुरात. लातूरच्या डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं होतं, हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबल्यात, बायपास करा, लांबवू नका. आणि ह्यांनी आपलं ऑपरेशन नेऊन बांधलं कशाला, तर अमेरिकेतून उडणाऱ्या कुठल्याशा खासगी कंपनीच्या अंतराळयानाला! त्यात आपल्या देशाचा एक माणूस जाणार होता, सरकारनं त्याचं तिकीट काढलं होतं म्हणे. "तेवढं बघतो, मग कुठं न्यायचं तिथं ने," हे म्हणाले.

मला वाटलं, चार दिवसांचा प्रश्न आहे. कसचं काय! आज वारा, उद्या गळती, परवा आणखी काहीतरी. तारीख जाहीर व्हायची, टीव्हीवाले सकाळपासून घसा फोडायचे आणि नंतर कळायचं, पुन्हा पुढं ढकललं. मी दवाखान्याची बॅग भरायची आणि पुन्हा त्यातले टॉवेल काढून वापरायला घ्यायची. शेवटी शेवटी तर चेन लावायचाही कंटाळा आला.

स्टँडसमोर चाचांचं चहाचं हॉटेल आहे. तिथं यानाशिवाय दुसरा विषय नव्हता. पाऊस लांबल्यानं पेरण्या खोळंबलेल्या, माणसं रिकामी. मृगात उडणार होतं, आता आर्द्रा लागली, असा हिशेब चालायचा. कुणी म्हणे तिकिटाचे पैसे परत मागा, कुणी म्हणे उडत नाही तर एवढा गाजावाजा कशाला. चाचा चहा गाळता गाळता म्हणायचे, "अरे बाबा, माणसं बसणार हायेत त्याच्यात, सोयाबीनची पोती न्हाईत." ह्यांचा तर आवाजच चढायचा. नोकरीत असताना ब्रेक नीट लागत नसला की हे गाडी आगाराबाहेर काढायचे नाहीत, प्रवाशांनी कितीही शिव्या दिल्या तरी. "गळती दिसली अन् थांबले, त्येच खरे ड्रायव्हर," असं टेबलावर हात आपटून सांगायचे आणि छाती चोळत घरी यायचे.

एके दुपारी पुन्हा तारीख गेली. हे घामाघूम होऊन आले आणि बाजेवर बसले. मी पाणी दिलं आणि माझा तोल सुटला.

"त्यांना गळती दिसली की ते थांबतात. तुमची कवाच दिसली, तरी तुम्ही गाडी पळवतच राहिलात! अन् वर गावाला शहाणपण शिकवताय!"

राग येत होता आणि रडूही. आजारपणाचं मी केलं असतं, पण हे रोजचं टांगून राहणं मला झेपत नव्हतं.

ह्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "एकदा खोललेलं इंजिन पयल्यासारखं बसत न्हाई गं. लई बघितलंय म्या."

म्हणजे यान नुसतं निमित्त होतं. माझा नवरा घाबरला होता, आणि ते मला इतक्या दिवसांत कळलं नव्हतं.

"न्हाई बसलं तर न्हाई बसू द्या," मी म्हटलं. "मला शोरूममधली गाडी कुठं पाहिजे?"

त्यांना हसू आलं. तोंड पुसत म्हणाले, "डॉक्टरला फोन लाव."

ऑपरेशनच्या दिवशीच नेमकं यान उडालं. हे आत, मी बाहेर. थांबायच्या खोलीत टीव्ही होता, सगळे नातेवाईक त्याच्यासमोर उभे. धूर निघाला, टाळ्या पडल्या, एक गृहस्थ मला म्हणाले, "ताई, बघा की, आपला माणूस चाललाय." मी म्हटलं, "माझाही आत हाय, दादा." ते ओशाळून बाजूला झाले.

मग पडद्यावर एक बाई दाखवली, यानातल्या कुणाची तरी आई. सगळं जग वर बघत होतं, आणि ती पदर तोंडाशी धरून खाली बघत बसली होती. तिच्या आजूबाजूचे लोक नाचत होते. सबंध खोलीत माझ्या ओळखीचं असं तेच एक माणूस वाटलं.

बऱ्याच वेळानं सिस्टर बाहेर आली. "झालं, व्यवस्थित झालं," म्हणाली. मी भिंतीला टेकले आणि पोटभर रडले. टीव्हीवर ती बाई पुन्हा दाखवत होते. तिला अजून थांबायचं होतं.